स्तोत्र 150 मधील एक वाद्य आणि तंजावूरचा दरबार

स्तोत्रसंहितेतील शेवटच्या स्तोत्राचे चौथे वचन उघडून समोर ठेवा. तेथे मूळ इब्री भाषेत ‘ऊगाब’ नावाचे एक वाद्य आहे. जुन्या करारात हा शब्द अवघा चार वेळा येतो : उत्पत्ती 4:21, ईयोब 21:12 व 30:31, आणि येथे. फुंकून वाजवावयाचे वाद्य, बहुधा पावा, असा त्याचा अर्थ. परंतु 1611 च्या इंग्रजी भाषांतराने त्यास ‘ऑर्गन’ म्हटले, आणि स्तोत्रकर्त्यापुढे जणू नळ्यांचा भव्य ऑर्गनच होता, असा समज होण्यास वाट मिळाली.

शब्दाचे मूळ ग्रीक भाषांतरात आहे. तेथे ‘ऑर्गनॉन’ हा शब्द योजला आहे. त्याचा अर्थ साधन, कोणतेही वाद्य. केवळ भात्याने वाजणाऱ्या मोठ्या वाद्यालाच हे नाव नाही, असा खुलासा संत ऑगस्टीन यांना आपल्या काळीच करावा लागला होता. नळ्यांचा खरा ऑर्गन इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या क्तेसिबियसने रचला. रोमी लोकांनी तो आखाड्यांतील खेळांत वाजविला, म्हणून मंडळीने त्यास शतकानुशतके दूर ठेवले. 757 साली बायझंटाईन सम्राटाने फ्रँक राजा पेपिन यास ऑर्गन भेट दिला, तोही राजाला शोभणारे नवल म्हणून. पाश्चात्त्य उपासनेत तो पुढे हळूहळू रुळला.

या वाद्याची रचना ध्यानात घ्या. भाता हवा पुरवितो, पेटी ती साठविते, कळ दाबली की नळी बोलते. प्रत्येक नळीला एकच सूर. तो सूर घासता येत नाही, वळविता येत नाही. मींड आणि गमक ज्या गायनाचा प्राण, त्याच्याशी या वाद्याचे कसे जुळावे?

आता तंजावूरच्या राजवाड्यात चला. येथील भोसले राजे दुसरे सरफोजी (1777–1832) हे जर्मन लूथरन मिशनरी श्वार्त्झ यांचे शिष्य. शिवगंगा बागेतील चर्चमध्ये त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक बसविले. मरणशय्येवरील गुरूचा हात राजाच्या हाती आहे. सरफोजींनी युरोपीय वाद्ये व स्वरलिपीचे ग्रंथ हौसेने जमविले. ते ग्रंथ सरस्वती महालात राहिले. मात्र कर्नाटक संगीताने पाश्चात्त्यांकडून कायमचे घेतले ते व्हायोलिन. त्याला पडदे नाहीत, बोट तारेवर सरकते. याच दरबारच्या चार नर्तनाचार्य बंधूंपैकी वडिवेलू त्यात इतके निपुण झाले की, 1834 साली त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिले.

श्वार्त्झ यांचे दुसरे शिष्य कवी वेदनायगम शास्त्री (1774–1864). त्यांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. सरफोजींच्या नावे मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ आहे. एकच तमिळ नाट्यप्रकार, एकाच गुरूचे दोन शिष्य! 1829 च्या सुमारास शास्त्रींनी नव्या मिशनऱ्यांविरुद्ध तक्रार लिहिली. तमिळ शास्त्राचे भाषांतर बदलले, निरनिराळ्या जातींस एकत्र येण्याची सक्ती केली, सणासमारंभांतील फुले बंद केली आणि तमिळ गीते उपासनेतून काढली, असे त्यांचे म्हणणे. जातीविषयी ते चुकले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. गलती 3:28 पुढे तो पक्ष टिकत नाही. भाषांतराविषयीची त्यांची नाराजी माझ्यासारख्याला बोचते, कारण जुने वचन बदलले की वाचकाचे काय हिरावते, हे मेजापाशी बसून कळत नाही. पण गीतांच्या बाबतीत ते बरोबर होते. त्याच वर्षी सरफोजींनी त्यांना दरबारी कवी केले, आणि त्यांची गीते तमिळ मंडळ्या आजही गातात.

आपल्याकडे ऑर्गन आला तो बहुधा नळ्यांचा नव्हे, तर धातूच्या पट्ट्यांचा, पायाने भाता हलविण्याचा. बालगंधर्वांच्या रंगभूमीने त्यास आपलेसे केले, पण वळणाच्या जागा गळ्याकडेच ठेवल्या. उपासनेतील पेटीही असेच करते : आधार देते आणि मींड गाणाऱ्यावर सोपविते. असो. स्तोत्र 150 चे चौथे वचन पुन्हा काढा. तेथे मी ‘पावा’ हाच शब्द ठेवीन. गुराख्याच्या बोटांखाली त्याचा सूर घसरतो, वळतो, आणि खेड्यातल्या वाचकाने तो ऐकलेला असतो.