अखेरच्या दुखण्यातील सेवा

ज्या दुखण्याला उतार पडणार नाही असे डॉक्टर सांगून चुकले, त्या दुखणेकऱ्याची सेवा कशी करावी, याचा विचार आज करावयाचा आहे. 'आता घरी न्या' हे शब्द कानी पडले की आपले लोक समजतात, करण्यासारखे काही उरले नाही. रोग हटत नसेल. पण वेदना हटविता येते. ते काम तर तेव्हाच सुरू होते.

हे काम जेथे चालते त्या घरास हॉस्पिस म्हणतात. सिसिली सॉन्डर्स या बाई आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनला असे घर काढले. दुखते ते नुसते शरीर नव्हे. भीती, घरची काळजी, देवाविषयीची शंका हे सारे त्यात मिसळलेले असते, असे त्या सांगत. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन निघाले, ते भारतातले पहिले. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. दोन्हीकडे कर्करोगाच्या रोग्यांची सेवा विनामूल्य होते.

आमच्या दिंडीतील एक वृद्ध वीणेकरी बाबा असेच अंथरुणास खिळले. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण थोरला मुलगा त्या कपाटात ठेवी. म्हणे, "महाराज, अफूच ती! बाबांना व्यसन लागेल. आणि भोग भोगूनच संपवावा ना?" आम्हीही आधी गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे. मग विचारले, "बाळा, कण्हण्यातून बाबांना नाम घ्यायला सवड कुठे मिळते?"

डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही. साधी गोळी घड्याळ पाहून दर चार तासांनी द्यावयाची असते. कळ उठण्याची वाट पाहावयाची नसते. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळते, ते बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र राहते. म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासूनच डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

बाकीची सेवा घरच्या हातांची. दर दोन तासांनी कूस बदलावी, चादरीला सुरकुती राहू देऊ नये. कातडी लाल झाली असेल तेथे चोळू नये, जखम होते. तोंड ओल्या कापसाने वरचेवर पुसावे. अन्नावरची वासना उडाली तर बळेच घास कोंबू नये. देह मिटत आला की भूक आपोआप जाते. उपाशी ठेवल्याने माणूस जात नाही. आयाबायांना हे पटणे फार कठीण, आम्हांस ठाऊक आहे.

आणखी एक. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात तुळशीचे पाणी चमच्याने ओतू नये, ते श्वासनळीत जाते. तुळशीपत्र भिजवून ओठांना लावावे, तेवढे पुरे.

बाबांना गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या रात्री ते सलग झोपले. पहाटे उठून मुलाला म्हणाले, "माझी वीणा कुठं ठेवलीस रे? तिच्या तारा उतरवून ठेव, नाहीतर भोपळा तडकंल."