जुन्या ट्रॅक्टरचे मीटर आणि वायरिंग : आधी निदान, मग दुरुस्ती

कीड ओळखल्याशिवाय औषध निवडू नये, हे आपण विस्तार कार्यात सातत्याने सांगतो. जुन्या ट्रॅक्टरच्या विद्युत यंत्रणेलाही हेच तत्त्व लागू पडते. ऐन फवारणीत ट्रॅक्टर बंद पडला, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे नसते. अंड्यातून बाहेर पडलेली गुलाबी बोंडअळी अल्पावधीतच बोंडात शिरते आणि त्यानंतर फवारलेले कीटकनाशक तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

बंगळूरु येथे 1953 मध्ये स्थापन झालेल्या एचएमटीने 1971 पासून पिंजोर येथे झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवले. हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. अशा बंद झालेल्या बनावटीचे ट्रॅक्टर वापरणाऱ्यांना मूळ वायरिंग संच मिळेलच असे नाही. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याची आणि वायरिंग नव्याने करण्याची पद्धत माहीत असणे आवश्यक आहे.

मीटरचे निदान

मीटर बदलण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत ऑईल प्रेशरचा मीटर बारीक नळीने इंजिनाला जोडलेला असतो आणि तापमानाच्या मीटरलाही सूक्ष्म नळी असते. अशा मीटरचा काटा विजेवर चालत नाही; तेथे नळी पिचली, गळली किंवा चोंदली आहे का, हे तपासावे.

विजेवर चालणाऱ्या मीटरसाठी पुढील क्रम ठेवावा :

1. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब मोजावा. पूर्ण भारित 12 व्होल्ट बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना तो साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट असावा.

2. सर्व काटे एकाच वेळी चुकत असतील, तर दोष बहुधा सामाईक पुरवठ्यात किंवा अर्थमध्ये असतो. दिवे लावून बॅटरीचे अर्थ टर्मिनल आणि मीटरपाटीचा पत्रा यांमधील दाब मोजावा. तो 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा अधिक असल्यास अर्थच्या जोडावरील गंज व रंग खरवडून जोड घट्ट करावा.

3. एकच काटा चुकत असेल, तर चावी चालू ठेवून सेंडरची वायर काढावी आणि क्षणभरच इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावी. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, तर मीटर व वायर ठीक असून दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर वायर, पुरवठा व मीटर तपासावेत. डिझेल टाकीपाशी ठिणगी पडू नये, म्हणून तेथील वायरची चाचणी टाकीपासून दूरच्या जोडावर करावी.

4. ऑईलचा दिवा चावी फिरवताच लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो विझत नसेल, तर "मीटरच खराब असेल" असे मानून काम चालू ठेवू नये. इंजिन त्वरित थांबवावे, ऑईलची पातळी पाहावी आणि दुसरा खात्रीचा मीटर जोडून दाब पडताळावा. बेअरिंग जळाल्यावर होणाऱ्या खर्चापुढे ही तपासणी नगण्य आहे.

कीटक आणि उंदीर

कुंभारीण माशी अरुंद छिद्रांत मातीचे घरटे करते. टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र असे बुजल्यास टाकीत पोकळी निर्माण होते, डिझेलचा पुरवठा तुटतो आणि मीटर भरलेली टाकी दाखवत असताना इंजिन बंद पडते. झाकण सैल केल्यावर ते पुन्हा सुरळीत चालले, तर कारण हेच समजावे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर 2013 मध्ये अशाच मातीने वेगमापक नळी चोंदल्यामुळे एका प्रवासी विमानाला परतावे लागले होते.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे ते वायर कुरतडतात. ट्रॅक्टर वैरणीच्या गंजीपासून दूर उभा करावा आणि त्यावर धान्य सांडलेले राहू देऊ नये.

नवीन वायरिंग

प्रथम बॅटरीची अर्थ केबल काढावी. जोडताना ती शेवटी जोडावी. काही जुन्या यंत्रांत धन टर्मिनल अर्थला जोडलेले असते, त्याची खात्री करून घ्यावी. जुनी वायर तोडण्यापूर्वी आकृती काढावी, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि एका वेळी एकच मंडल पूर्ण करून तपासावे.

वायरची जाडी भारावरून ठरवावी. 55 वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 9.2 अँपिअर प्रवाह घेतात, त्यासाठी 2.5 चौ. मिमी तांब्याची वायर आणि 15 अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. फ्यूज पुरवठ्याच्या टोकाजवळ बसवावा. तो वायरीच्या संरक्षणासाठी असतो, म्हणून वारंवार उडत असल्यास मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद न लावता दोष शोधावा. पत्र्याच्या छिद्रांत रबरी वेढणी घालावी, वायर सायलेन्सरपासून दूर ठेवावी आणि पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी दाबून बसवलेले टर्मिनल वापरावेत.

काम पूर्ण झाल्यावर आकृतीची एक प्रत अवजारपेटीत ठेवावी. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व मेळाव्यात फवारणी यंत्राच्या तपासणीबरोबरच मल्टिमीटरने अर्थची चाचणी करून दाखवावी.