पाण्यात वजन कोठे जाते?

तुडीलच्या विहिरीवर पाणी शेंदताना आम्हा सर्वांच्या हाताला एक गोष्ट जाणवलेली आहे. भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत दोर हलका लागतो. ती वर आली की एकदम जड. कळशीतले पाणी मात्र तेवढेच असते.

याचा उलगडा ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीज याने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात केला. बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढे बल तिला वर ढकलते. यालाच प्लावक बल म्हणतात. आपल्याकडचा २८ किलोचा काळा दगड साधारण १० लिटर जागा व्यापतो. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो. म्हणून पाण्यात तो १८ किलोच भरतो. दगड झिजलेला नसतो. त्याचा काही भार पाण्याने उचललेला असतो. ताणकाट्याला लहानसा दगड टांगून बादलीत सोडा, खात्री पटेल.

पुरात हाच हिशेब जिवावर बेततो. जुलै २०२१ मध्ये महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले, ते आम्ही विसरलेलो नाही. कमरेइतक्या पाण्यात माणसाच्या पायांवर जवळजवळ निम्मेच वजन उरते. वजन कमी, म्हणून तळव्यांची पकडही कमी. वाहत्या पाण्याचा रेटा मात्र पुरा. पट्टीचा पोहणाराही येथे फसतो. मोटारीचेही तसेच. १००० किलोच्या मोटारीने १००० लिटर पाणी सारले की चाके रस्ता सोडतात. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद मोटारीच्या तळावर त्यासाठी सुमारे १७ सेंटिमीटर पाणी चढले तरी पुरे, म्हणजे वीतभरही नाही.