दादाचं पान

कोथरूड, रविवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

काल दादाचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "ओंकारने दवाखान्याची साइट केली, माझी अपॉइंटमेंट त्यावरूनच घेतली, बघ तरी," म्हणाला आणि लिंक पाठवली. पान सुरेख झालंय. मग सवयीने मी सोर्स उघडला आणि हातपाय गार पडले.

पानावर दिसतं फक्त दादाचं नाव आणि वेळ. खाली स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलमध्ये मात्र डेटाबेसमधली त्याची अख्खी ओळ उतरली आहे. मोबाइल, जन्मतारीख, डॉक्टरांनी स्वतःपुरती लिहिलेली टीपसुद्धा! अरे, स्क्रिप्टला दोन गोष्टी हव्या होत्या, तू सगळी रो जेसन करून ओतलीस. सर्व्हरवरून निघालेलं पान समोरच्याच्या घरी पोचतं, न दिसणाऱ्या भागासकट. आपले नाना पैशाअडक्याचं कधी पोस्टकार्डावर लिहीत नसत, अंतर्देशीयच घ्यायचे. पुन्हा त्या लिंकला लॉगिन नाही. शेवटचा आकडा बदलला तर दुसऱ्या कुणाचं पान उघडतं का, हे बघायचा मला धीर झाला नाही. तू आजच बघ.

पत्ता तर तू हाताने अवतरणांत एको केला आहेस. दादाने बंगल्याचं नाव दुहेरी अवतरणात लिहिलं, तिथे स्क्रिप्ट मोडली आणि कन्सोलवर लाल एरर आली. दादाच्या हातून नुसती एरर आली, दुसरा कुणी तिथे स्वतःची स्क्रिप्ट लिहील. स्क्रिप्ट बंद करणारा टॅग अवतरणांच्या आत असला तरी ब्राउझर तिथेच स्क्रिप्ट संपली असं धरतो, कारण तो एचटीएमएल आधी वाचतो, जावास्क्रिप्ट मागाहून. तिथे एचटीएमएलस्पेशलचार्स लावून भागत नाही. जेसन एन्कोडच कर, हेक्स टॅगच्या फ्लॅगसकट, किंवा किंमत एस्केप करून डेटा अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेव आणि स्क्रिप्टने तिथून उचलू दे. 2005 च्या ऑक्टोबरात सॅमी कामकारने मायस्पेसवर आपल्या प्रोफाइलात स्क्रिप्ट घुसवली. मायस्पेस 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळत असे, म्हणून त्याने शब्दाच्या मधोमध ओळ तोडली. ब्राउझरने तरीही ती चालवली. 20 तासांत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलांत त्याचं नाव गेलं. पण एस्केपिंग कितीही चोख केलंस तरी जे पाठवायलाच नको होतं ते गेलेलंच असतं, म्हणून पुन्हा तेच विचारते: त्या पानातून काय काय बाहेर जातंय?

तुला एक सांगते, घरात कुणाला माहीत नाही. 2007 साली साड्यांच्या एका दुकानाची साइट मी केली. किंमत हिडन फील्डमध्ये ठेवली आणि फॉर्म परत आल्यावर सर्व्हरवर ती पडताळलीच नाही. कुणीतरी आकडा बदलून पैठणी कवडीमोलाने नेली. मीटिंगमध्ये मी म्हणाले, फॉर्म नवीन मुलाने केला होता. महिनाअखेरीस त्याला काढलं. तो तुझ्याच वयाचा होता, डबा आमच्याबरोबर खायचा. मी गप्प बसले. तू गप्प बसू नकोस. उद्या सकाळी साहेबांना स्वतः सांग, पान बंद कर, मग दुरुस्त कर. बोलणी खावी लागली तर माझ्याकडे जेवायला ये.

जास्त रागावले का रे? पाचवीत माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मांडीत बसून टाइप करायचास, तो तू दवाखान्याची साइट करतोस, याचा मला दादाइतकाच अभिमान आहे.

डॉक्टरांच्या टिपेत दादाबद्दल काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ते त्याचं त्याने तुला सांगू दे. शनिवारी दोन दिवस काढून घरी जा, त्याच्याजवळ बस, संध्याकाळी त्याच्याबरोबर फिरायला जा. मी वाचलंय हे मात्र त्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
आत्या