खाडीच्या चिखलातलं औषध आणि अकरावीची केमिस्ट्री

‘नीटला मार्क कमी पडले, आता मायक्रोबायोलॉजीला घालू का?’ निकाल लागला की रत्नागिरीतले आईवडील हे विचारतात आणि त्यांच्या आवाजात नाइलाज असतो. माझं उत्तर असं, की नाइलाजाने घालू नका. पण मुलीला या विषयाची ओढ असेल तर घाबरूनही मागे ओढू नका.

काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते. सुकतीला तिथे उघड्या पडणाऱ्या काळपट चिखलात अगणित जंतू जागेसाठी आणि अन्नासाठी झगडत असतात. शेजाऱ्याची वाढ रोखायला त्यातले काही रसायनं सोडतात. आपली कितीतरी अँटिबायोटिक्स मुळात अशीच जंतूंनी बनवलेली रसायनं आहेत. 1943 साली मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयरोगावर गुणकारी औषध आलं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीच्या आजारांवरचं हॅमायसिन तयार झालं; ते देणाऱ्या जंतूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

पुढे जमिनीवरच्या मातीत तीच ती रसायनं पुन्हा पुन्हा सापडू लागली, म्हणून शास्त्रज्ञ समुद्रतळाच्या गाळाकडे वळले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या गाळातून मिळालेलं अँथ्रासिमायसिन 2013 मध्ये जाहीर झालं. अँथ्रॅक्सचे आणि औषधांना दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जंतू त्याने प्रयोगशाळेत मारले, पण औषधाच्या दुकानात ते अजून आलेलं नाही. ही वाट किती लांबची आहे ते यावरून समजावं. गरज मात्र तातडीची आहे: औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख माणसं थेट दगावली.

प्रत्यक्ष काम कसं असतं, ते मुलांनी आधी समजून घ्यावं. गाळ आणून वाळवतात, थोडा तापवतात, म्हणजे भराभर वाढणारे जंतू कमी होतात आणि सावकाश वाढणारे बीजाणूधारी मागे राहतात. मग समुद्राचं पाणी घालून केलेल्या स्टार्च-केसीन आगरच्या प्लेटवर तो पसरतात आणि साधारण 28 अंशांवर ठेवून देतात. सुरुवातीचे काही दिवस हवं ते काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खडूची पूड सांडल्यासारख्या कोरड्या, राखाडी कॉलनी उठतात. सुईने उचलायला जावं तर आगरला घट्ट चिकटलेल्या. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तोच वास त्यांना असतो. त्यांचा अर्क रोगजंतूंच्या प्लेटवरच्या खळग्यात घातला आणि भोवती स्वच्छ कडं दिसलं, की ‘झोन आला’ म्हणतात.

खरी परीक्षा झोन आल्यावर सुरू होते. अर्कात शेकडो रसायनं असतात. त्यातलं नेमकं कोणतं जंतू मारतंय, ते नवं आहे की जुनंच पुन्हा हाती आलंय, माणसाच्या पेशींना ते बाधतं का, हे क्रोमॅटोग्राफी, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि एनएमआरने शोधावं लागतं. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो: जंतू आवडतात म्हणून केमिस्ट्रीकडे पाठ फिरवू नका. अकरावीपासून ऑरगॅनिक नीट करा, पदवीला मायक्रोबायोलॉजी मेजर असेल तर केमिस्ट्री मायनर घ्या. ‘बायोलॉजी आवडते, केमिस्ट्री नको’ असं म्हणणारी मुलं या क्षेत्रात अर्ध्या वाटेवर अडकतात.

आता पालकांचा पोटापाण्याचा प्रश्न. बीएस्सीनंतर मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या तपासणी प्रयोगशाळांत, औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये कामं असतात. सुरुवातीचा पगार बेताचाच, हे आधीच सांगून ठेवतो. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला चार वर्षांचा बीएफएस्सी हा वेगळा आणि चांगला रस्ता. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे आणि माशांचे आजार तिथे शिकायला मिळतात. संशोधनच करायचं असेल तर आयआयटी जॅम, गॅट-बी किंवा सीयूईटी-पीजी देऊन चांगल्या संस्थेत एमएस्सी, मग सीएसआयआर-यूजीसी नेट. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, म्हणजे पीएचडीचा बोजा घरावर पडत नाही. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था घरापासून फार लांब नाही. बारावीनंतर दहा वर्षं मात्र धरून चाला. लगेच कमावणं भाग असलेल्या घराने पदवीनंतर नोकरी धरली तरी बिघडत नाही. एमएस्सी नंतरही करता येते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघा. ऑटोक्लेव्ह चालू आहे का, प्लेट मुलं स्वतः ओततात की सर ओतून दाखवतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. मुलं ‘सर दाखवतात’ म्हणाली, तर फी कितीही कमी असो, दुसरं कॉलेज बघा.