'क्यू' हाती आला तर घाबरू नका



गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मैदानात पाणी साचले, म्हणून खेळाच्या तासाला आम्ही सातवीच्या वर्गात स्क्रॅबलचे दोन संच पाठवले. थोड्या वेळाने वर्गात डोकावलो तेव्हा एका विद्यार्थ्याने 'क्यू'ची सोंगटी पालथी करून बाजूला ठेवलेली दिसली. विचारले तर म्हणाला, "सर, 'क्यू'ला 'यू' लागतो, तो माझ्याकडे नाही. आणि आमच्या घरी कोणी इंग्रजी बोलतच नाही, मग शब्द कुठून आणू?"

त्या वेळी घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर म्हणजेच आजचा हा पाठ.

अडचण कोठे आहे?

आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. इंग्रजी पुस्तकातल्या शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची आमची सवय होती. त्याने वाचता आले, पण स्पेलिंग कच्चे राहिले. कारण आपली लिपी कानाने चालते. जसे बोलतो, तसे बहुतेक लिहितो. इंग्रजीत तसे नाही. आपला एक 'क' घ्या. कॅटमध्ये तो 'सी' आहे, काइटमध्ये 'के', क्वीनमध्ये 'क्यू', स्कूलमध्ये 'सी-एच' आणि बॅकमध्ये 'सी-के'. म्हणून ठरावीक अक्षराचा शब्द शोधताना कान मिटा आणि डोळे उघडा. शब्द कसा ऐकू येतो हे नंतर, आधी तो कागदावर कसा दिसतो ते आठवा.

खेळाचे गणित

हा खेळ अमेरिकेतील अल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने 1930 नंतरच्या मंदीच्या काळात, हाताला काम नसताना तयार केला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वृत्तपत्रांतील मजकुरावरून मोजले. 1948 साली जेम्स ब्रुनो यांनी त्याला स्क्रॅबल हे नाव दिले. इंग्रजी संचात 100 सोंगट्या असतात. त्यांत 'ई' 12, तर 'ए' आणि 'आय' प्रत्येकी 9 आहेत. 'जे', 'के', 'क्यू', 'एक्स' आणि 'झेड' मात्र एकेकच. 'ई'ला 1 गुण, 'जे' आणि 'एक्स'ला 8, 'क्यू' आणि 'झेड'ला 10. म्हणजे आपल्या मित्राने पालथी ठेवलेली सोंगटी संचातली सर्वांत मोलाची होती.

अक्षराची जागा ओळखा

वर्गात प्रत्येक मुलाचा बाक ठरलेला असतो, तसे इंग्रजी अक्षरांचेही असते.

'एक्स'ला शेवट आवडतो : बॉक्स, फॉक्स, सिक्स, टॅक्स. दोन अक्षरी ऑक्स, एक्स ('ई-एक्स') हेही चालतात.

'व्ही' शेवटी क्वचितच येतो, त्याच्यामागे 'ई' लागतो : लव्ह, गिव्ह, हॅव्ह. 'व्ही' असलेला दोन अक्षरी शब्द मान्य यादीत नाही, म्हणून तो शोधण्यात वेळ घालवू नका.

'झेड' पिझ्झा आणि जॅझमध्ये जोडीने येतो, पण संचात तो एकच आहे. दुसऱ्याच्या जागी कोरी सोंगटी लागेल. झू, झिप, झिरो हे सोपे.

'जे' बहुधा सुरुवातीला बसतो : जग, जॅम, जॉब. शेवटी 'जे' असलेला अस्सल इंग्रजी शब्द सापडणे कठीण.

घरातले शब्द

आता गंमत पाहा. शेवटी 'जे' असलेले शब्द कोशात आहेत आणि ते बरेचसे आपल्याकडूनच गेले आहेत : राज, ताज, स्वराज. इंग्रजी शब्द शेवटी 'आय' घेत नाहीत, तिथे 'वाय' लिहितात. पण साडी ('एस-ए-आर-आय'), राणी, रोटी, धोती, चपाती हे शब्द 'आय'नेच संपतात. हातात दोन-तीन 'आय' येऊन बसले की हेच उपयोगी पडतात.

आणि 'यू'शिवायचा 'क्यू'? फकीर, बुरखा, नकाब, तलाक, कव्वाली. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द आपण रोज ऐकतो, आणि इंग्रजीत ते 'क्यू'ने, 'यू'शिवाय लिहिता येतात. बुरख्याचे स्पेलिंग 'बी-यू-आर-क्यू-ए'. त्यात 'यू' आहे, पण 'क्यू'च्या शेजारी नाही. सर्वांत लहान शब्द 'क्यू-आय'. चिनी भाषेतील प्राणशक्तीसाठी असलेला हा शब्द 'ची' असा उच्चारतात.

तेव्हा त्या मित्राला आमचे उत्तर असे : घरी इंग्रजी बोलत नसले तरी इंग्रजीने आपल्या घरातून पुष्कळ नेले आहे. मुंगसाला इंग्रजीत जे मंगूस म्हणतात, तेही मूळ मराठीतूनच गेले आहे. जिथे इंग्रजीची स्वतःची अक्षरे अडतात, नेमक्या तिथे बाहेरून आलेले शब्द कामी येतात. ते तुम्हाला आधीच ठाऊक आहेत, फक्त त्यांचे इंग्रजी रूप पाहून ठेवायचे आहे.

सराव कसा करावा?

1. एक जुनी वही घ्या. 'जे', 'क्यू', 'एक्स', 'झेड', 'व्ही' यांना दोन-दोन पाने द्या. शब्दकोश पहिल्या अक्षराप्रमाणे असतो, पण तुमच्या वहीत ते अक्षर मध्ये किंवा शेवटी असलेले शब्दही हवेत.

2. रोज दोनच शब्द लिहा, अर्थासह. अर्थ न कळता पाठ केलेला शब्द खेळात गुण देईल, वाचनात साथ देणार नाही.

3. खेळापूर्वी कोणता कोश मानायचा ते ठरवा. स्पर्धांसाठी अमेरिका-कॅनडात एक यादी चालते, अन्यत्र बहुतेक कॉलिन्सची. आम्ही दिलेले शब्द कॉलिन्सच्या यादीत आहेत. व्यक्तींची व गावांची नावे चालत नाहीत, म्हणून 'इंदूर' मांडू नका!

4. मोबाइलवर अक्षरे टाकली की शब्दांची यादी क्षणात मिळते. ती जरूर पाहा, पण खेळ संपल्यावर. आधी आपले डोके, मग यंत्र.

पालकांना विनंती : रविवारी अर्धा तास मुलांसोबत बसा. "आम्हाला इंग्रजी येत नाही" असे म्हणू नका. रोटी आणि साडी तुम्हालाच आधी सुचेल.

स्वाध्याय

(अ) 'ए, ई, आय, ओ, यू' यांपैकी एकही अक्षर नसलेले पाच शब्द लिहा. (सूचना : 'वाय'ची मदत घ्या.)
(आ) 'एक्स' मध्ये असलेले चार शब्द शोधा. त्यांतील एक 'आय'ने संपणारा हवा. तो रस्त्यावर रोज दिसतो.
(इ) आजीला विचारून स्वयंपाकघरातील असे तीन शब्द शोधा, जे इंग्रजी कोशातही आहेत.

वह्या शनिवारी प्राचार्य कक्षात आणून दाखवाव्यात. स्क्रॅबलचा संच तेथेच ठेवला आहे.