पत्त्याची झेरॉक्स

अगं मनू, काल फोनवर रडवेली होऊन म्हणालीस ना, "ताई, स्वॅपचा प्रोग्रॅम चालतो, पण आकडे बदलतच नाहीत," तेव्हा मला हसूच फुटलं. तुला नाही गं हसले, स्वतःलाच हसले. डिप्लोमाला असताना माझाही हाच प्रोग्रॅम आणि हाच घोळ. टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यासमोर तासभर बसले होते. एरर एकही नाही, आणि अ पाच तो पाचच, ब दहा तो दहाच.

तुझं स्वॅप बरोबर चाललंय, बरं का. फक्त त्याच्या हातात खरे अ आणि ब पोचलेच नाहीत. सी फंक्शनला मूळ कागद कधीच देत नाही, झेरॉक्स देते. स्वॅपनं त्या दोन झेरॉक्सची इमानदारीत अदलाबदल केली आणि काम संपल्यावर त्या रद्दीत गेल्या. रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर तू कितीही नावं खोडलीस म्हणून मूळ कार्डावरची खोडली जातात का?

मग मूळ बदलायचं असेल तर? पत्ता द्यायचा. वही घे आणि चौकटी काढ. समज, मेमरीत अ राहतो १००० नंबरला आणि ब १००४ ला. इंटला आपल्याकडच्या मशिनवर ४ बाइट लागतात, म्हणून मध्ये चाराचं अंतर. आता मेनमधून बोलावताना लिही स्वॅप(&अ, &ब). ते & म्हणजे 'चा पत्ता'. फंक्शनच्या कंसात इंट *क्ष, इंट *य. म्हणजे क्षच्या चौकटीत १००० आणि यच्या चौकटीत १००४. आत 'टेम्प = *क्ष' लिहिलंस की मशिन १००० वर जातं, दार उघडतं, ५ घेऊन येतं. '*क्ष = *य' म्हटलं की १००४ मधले १० उचलून १००० मध्ये ठेवतं. शेवटी '*य = टेम्प', ५ गेले १००४ मध्ये. फंक्शन संपलं, क्ष आणि य रद्दीत गेले, पण घरातलं सामान हललं ते हललंच.

आणि पॉइंटर नवीन आहे असं म्हणूच नकोस. पहिल्या दिवसापासून स्कॅनएफमध्ये & लावतेस ते काय आहे? स्कॅनएफला तुझ्या घरात आकडा आणून ठेवायचाय, म्हणून त्याला पत्ता लागतो. तो & विसरलीस की काय होतं हे तू अनुभवलं असशीलच.

त्या चांदणीचा मात्र मला अजून राग आहे. इंट *प असं जाहीर करताना ती सांगते, 'प हा पत्ता ठेवणारा आहे.' पुढे नुसतं *प लिहिलं की तीच म्हणते, 'त्या पत्त्यावर जा.' एकच चिन्ह, दोन कामं. त्यात 'इंट *प, क' लिहिलंस तर पॉइंटर एकटा प, क साधा इंट. आणि फंक्शनच्या आत किंमत एकनं वाढवायची असेल तर (*प)++ लिही. कंस गाळलास तर पत्ताच पुढे सरकतो, किंमत जागच्या जागी.

तोंडी परीक्षेत याला 'कॉल बाय रेफरन्स' म्हणायचं असतं. म्हण, मार्क घे. पण मनात पक्कं ठेव की सीमध्ये तसं काही नाही, तो खरा रेफरन्स सी प्लस प्लसचा. कर्निघन आणि सी भाषा घडवणारा डेनिस रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात हे साफ सांगितलंय, आणि उदाहरणही स्वॅपचंच दिलंय. सीमध्ये पत्त्याचीसुद्धा झेरॉक्सच जाते. फंक्शनमध्ये नुसतं 'क्ष = य' केलंस तर चिठ्ठीच्या झेरॉक्सवर पत्ता खोडून दुसरा लिहिलास एवढंच. लिंक्ड लिस्टला हेड बदलताना दोन चांदण्या लागतात त्या यामुळेच. हेड हाच पत्ता. तो बदलायचा तर पत्त्याचा पत्ता द्यायला हवा.

आता माझी फजिती ऐक. मिनी प्रोजेक्टमध्ये मी फंक्शनच्या आतच कॅरॅक्टरचा अ‍ॅरे केला, त्यात नाव भरलं आणि त्याचाच पत्ता परत पाठवला. घरी नाव छान छापलं जायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री शोभेसाठी एक प्रिंटएफ वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर नावाच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं! अगं, फंक्शन संपलं की त्याची खोली रिकामी होते. पुढचं फंक्शन तिथे भाडेकरू म्हणून येतं आणि आपलं सामान मांडतं. माझ्याकडे राहिला जुन्या खोलीचा पत्ता. तेव्हापासून मी अ‍ॅरे मेनमध्ये करते आणि त्याचा पत्ता फंक्शनला देते, भर म्हणावं यात. अ‍ॅरेला & लावायचा नाही, त्याचं नावच पत्ता बनून जातं. मात्र आत साइझऑफ विचारलंस तर तो अ‍ॅरेचं नाही, पॉइंटरचं माप सांगतो. ६४ बिटच्या मशिनवर ८. म्हणून लांबी वेगळी पाठव. आणि जीसीसी वॉर्निंग देतं ना, ती वाचत जा गं बाई.

आज जेवण झालं की स्वॅप पुन्हा लिही. मेनमध्ये &अ आणि &ब, स्वॅपमध्ये क्ष आणि य, सगळे %p नं छापून बघ. माझ्यासारखे सुटसुटीत १००० नाही दिसणार. लांबलचक, मध्ये अक्षरं घुसलेले आकडे येतील, दर वेळी वेगळेसुद्धा. पण मेनमधला &अ आणि स्वॅपमधला क्ष तंतोतंत जुळतात का ते बघ. मग &क्ष छाप, तो तिसराच निघेल. वहीतल्या चौकटींचा फोटो पाठव, अकरापर्यंत जागी आहे मी.